घासलेला फासा

४ जून, रविवार

तोंडानं बोललो असतो तर शिव्या निघाल्या असत्या आणि ताईनं कान पिरगाळला असता. म्हणून लिहितोय. कागदाला कान नसतात.

आज जाड्या आमच्या टेबलावर एक नवीन माणूस घेऊन आला. न विचारता. जाड्या टेंपो चालवतो, दिवसभर ह्याचं सामान त्याच्याकडे पोचवतो, आणि त्याला वाटतं माणसंही तशीच पोचवायची असतात. म्हणे, "अरे किड्या, हा कवळ्या बनवतो. फार एकटा असतो रे. घेऊ या ना खेळात."

आमचा खेळ साधा आहे. एक टेबल, एक फासा, एक गोष्ट. गोष्ट मी चालवतो, म्हणजे मी गेम मास्टर. बाकीचे गोष्टीतलं एकेक माणूस होतात. मी म्हणायचं, "समोर दार आहे, आत कुत्रं गुरगुरतंय, काय करता?" त्यांनी सांगायचं आणि फासा टाकायचा. सहा पडला तर पुढं काय होतं ते टाकणाराच सांगणार, मी तोंड बंद ठेवायचं. एक पडला तर मी सांगणार, आणि सुचेल तेवढं वाईट सांगणार. मधलं काही पडलं तर भांडून मिटवायचं. एकाच बैठकीत तीनदा एक पडला की माणूस मेला. आणि मेला तो मेला, ती गोष्ट संपेपर्यंत त्यानं टेबलावर बसायचं नाही. हा शेवटचा नियम मी केला, कारण मागं जाड्या एकदा मेला आणि भूत होऊन सगळ्यांना सल्ले देत बसला.

खेळतो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. मी तिथंच कामाला आहे, फ्रेममध्ये काचा बसवतो. रविवारी दुकान बंद. झाडून ठेवतो म्हणून मालक किल्ली देतात. बाकीचे स्टुलांवर बसतात आणि मी डोळे तपासायच्या खुर्चीत. पायाशी दांडी आहे, दाबली की खुर्ची वर जाते, दाबून धरली की खाली येते. मी पार वर जातो. मास्टर वरच पाहिजे.

तर हा दातवाला. भांग असा की पट्टी ठेवून पाडलाय. आला, बसला, आणि खिशातून तीन बारीक बाहुल्या काढल्या. कवळीच्या हिरड्यांचा तो गुलाबी माल असतो ना, त्याच्या! जाड्याचा पळपुटा सैनिक, पोट सुटलेला. ताईची नावाडीण, हातात वल्हं. आणि स्वतःचा घड्याळजी. जाड्यानं आधीच सगळं सांगून ठेवलं असणार. ताईनं तिची बाहुली तळहातावर घेतली आणि म्हणाली, "अगं बाई, हिला नाकात चमकीसुद्धा आहे!" आणि हसली. मोठ्यानं.

मी सहा महिने डोकं फोडतोय ताईला हसवायला. आईच्या चपलेत रबरी पाल ठेवली, त्यालाही हसली नव्हती. आणि हा एक गुलाबी चमकी घेऊन येतो.

मला बाहुली नाही. मास्टरला गोष्टीत माणूस नसतो म्हणे.

६ जून, मंगळवार

दुकानात डोळे तपासायचा जो अक्षरांचा तक्ता आहे, त्याच्या सगळ्यात खाली मी मुंगीएवढ्या अक्षरांत "मालक कंजूष" लिहून चिकटवलं होतं. आज एक आजोबा आले, नवा चष्मा लावला, आणि ओळ न ओळ वाचत खाली पोचले. ते मोठ्यानं वाचलं. मालक म्हणाले, "उत्तम, तुमचा नंबर बरोबर निघाला," आणि मग माझ्याकडे बघितलं. आज जेवायची सुट्टी नाही.

चालेल. पण मजा आली नाही, हे खरं. सारखा तो भांग डोळ्यांसमोर येतोय.

११ जून, रविवार

घोळ झाला.

आजची गोष्ट मी तयार करून गेलो होतो. गुहा, गुहेत राक्षस, राक्षसामागं खजिना. त्याच्याआधी विहीर होती, विहिरीत राक्षस, खाली खजिना. जाड्याला असंच आवडतं. दातवाल्यानं अर्धा तास ऐकलं आणि अगदी हळू विचारलं, "एक विचारू? राक्षसाला खजिना कशाला लागतो? तो तर बाजारात जात नाही."

जाड्या खो खो हसला. ताई म्हणाली, "खरंच की रे किड्या, काय करतो तो त्याचं?"

मी म्हटलं, "झोपतो त्याच्यावर."

"टोचत नाही?" दातवाला. आणि चेहरा असा की खरोखर काळजी वाटतेय राक्षसाची.

मग चहाच्या वेळी जाड्यानं बॉम्ब टाकला. "ही गोष्ट संपली की पुढची दातवाल्यानं चालवायची का? तुलाही जरा आराम."

मला आराम! मी काय म्हातारा झालोय? मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "चालेल की. आलटून पालटून बसा खुर्चीत." दातवाला म्हणाला, "नको नको, मला कुठं जमतंय, ह्याच्यासारखं नाही जमणार." पण नको नको म्हणणारे लोक मला चांगले माहीत आहेत. दुकानात येतात, नको नको म्हणत सगळ्यात महाग फ्रेम घेऊन जातात.

ठरलं. ही गोष्ट संपली की खुर्ची त्याची.

म्हणजे ही गोष्ट संपायलाच नको.

आणखी एक. जाड्या ताईला ताई म्हणतो. मालक ताई म्हणतात. समोरचा पेपरवाला ताई म्हणतो. दातवाला नुसतं "तुम्ही" म्हणतो, पुढं काही नाही. मॅनर्स नाहीत माणसाला.

१४ जून, बुधवार

दिवसभर काचा घासल्या. मशीनवर काच धरली की पाणी उडतं आणि एकसुरी आवाज येतो, त्यात डोकं छान चालतं. न संपणारी गोष्ट कशी करायची? राक्षस मरतो. खजिना मिळतो. दोन्ही संपणारं. न संपणारा पाहिजे तर माणूस पाहिजे, आणि असा की ज्याला बघून चीड येते पण मारता येत नाही.

असा एकच माणूस मला माहीत आहे.

मग त्यालाच घेतला. भांग पाडलेला. हळू बोलणारा. नको नको म्हणणारा. गावाला वळसा घालून जी नदी आहे तिच्यावरचा एकुलता एक पूल त्याचा. नाव ठेवलं पुलाचा मालक. पूल ओलांडायचा तर त्याला काही द्यायचं. काय? पैसे म्हटलं की झाला परत खजिना. मी विचार केला, हा दातवाला लोकांचं काय घेतो? तो सगळं लक्षात ठेवतो. जाड्याच्या आईचा गुडघा कोणता दुखतो ते त्याला माहीत. ताई चहात साखर घेत नाही ते दुसऱ्याच रविवारी माहीत. लोकांच्या आठवणी गोळा करतो साला.

मशीन बंद केली. सापडलं! पुलाचा मालक आठवण घेतो. एक आठवण द्या, पलीकडे जा. दिलेली आठवण डोक्यातून कायमची पुसली जाणार आणि ती त्याच्याकडे राहणार.

मालकांनी विचारलं, "काय रे, एकटाच काय हसतोयस?" काच वाकडी घासली गेली होती. परत केली.

१८ जून, रविवार

जमलं!! असं कधीच झालं नव्हतं.

मी पुलाच्या मालकाचा आवाज काढला, अगदी दातवाल्याचा. "या या, बसा, घाई काय." दातवाल्याच्या लक्षातच आलं नाही. जाड्यानं ओळखलं आणि टेबलाखाली मला लाथ मारली.

जाड्याच्या सैनिकानं लढाईतून पळाल्याची आठवण द्यायची तयारी दाखवली. मी, म्हणजे पुलाचा मालक, म्हणालो, "ही नको. ही गेली तर तुम्ही शूर व्हाल, आणि शूर माणसं पुलावरून परत येत नाहीत." हे मला कुठून सुचलं काय माहीत! जाड्या आ वासून बघत राहिला.

मग ताईची नावाडीण. ती म्हणाली, "मी पुलावरून जाणारच नाही. मी लोकांना नावेतून नेणार, फुकट." मला हे अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, "पण आज धुकं आहे, नाव दिसत नाही. आज पुलावरूनच जावं लागेल. काय देता?"

ताईनं फासा हातात घेतला, टाकला नाही. म्हणाली, "घे. लग्नाची घे. सगळी घे."

फासा ताईच्या हातात, आणि जाड्या तो टेबलाखाली शोधायला लागला. दातवाला टेबलाकडे बघत बसला. मला कळेना हे काय, इतकी चांगली चाललेली गोष्ट मध्येच थांबवायची कशाला. मी पटकन पुढं हाकलली. पुलाच्या मालकानं आठवण घेतली, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. ताई म्हणाली, "नीट ठेव." तेवढंच.

जाताना दातवाला माझ्याजवळ आला. "आज जे केलंस ना," तो म्हणाला, "मी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. तो पुलाचा मालक. बिचारा. त्याला स्वतःची एक तरी आठवण असेल का रे?"

झालं. मजाच गेली. मी त्याला जळवायला माणूस तयार केला आणि ह्याला त्याची दया येते. आणि वर प्रश्न असा विचारतो की आता मला त्याचं उत्तर शोधत बसावं लागणार.

२१ जून, बुधवार

दुसरा उपाय सापडला. दातवाल्याचा घड्याळजी मेला पाहिजे. मेला की टेबलाबाहेर. टेबलाबाहेर गेला की येणं बंद, आणि येणं बंद झालं की लोक विसरतात.

पण त्याला सहा पडले की तोच पुढचं सांगतो, आणि सांगतोही बरं, मग मरणार कसा? म्हणजे त्याचे सहा बंद करायचे.

आज मालक जेवायला गेले तेव्हा एक पांढरा फासा घेतला. सहाची बाजू मशीनवर धरली. पातळ, अगदी पातळ घासली, डोळ्याला कळणार नाही इतकी. सहाचीच बाजू झिजली तर सहा कसा पडेल? साधा हिशोब. मग ठिपके परत काळे केले, पॉलिश मारलं. काचेपेक्षा सोपं. बाकी कुणाला हे जमलंच नसतं, आणि कौतुकानं दाखवताही येत नाही. हे एक दुःख.

फाशावर हिरवा दोरा चिकटवून ठेवणार, "हा तुझा स्पेशल, पाहुण्यांसाठी" म्हणून.

२५ जून, रविवार

काय चाललंय काय!

दातवाल्याला हिरव्या दोऱ्याचा फासा दिला. त्याला इतका आनंद झाला की बघवेना. "माझ्यासाठी?" म्हणाला. मग टाकला. सहा.

मला वाटलं, योगायोग. परत टाकला. सहा. मग एकदा तीन पडला, मला बरं वाटलं. मग परत सहा.

आणि प्रत्येक सहाला तो सांगतो. घड्याळजी पुलाच्या मालकाच्या घरात शिरतो, तिथं भिंतभर कप्पे, कप्प्यांत लोकांच्या आठवणी, आणि प्रत्येक कप्प्याला एक बारीक घड्याळ, जे त्या आठवणीच्या वेळेलाच थांबलंय. जाड्या म्हणाला, "अंगावर काटा आला रे!" ताई पुढं सरकून ऐकत होती, कोपर टेबलावर, हनुवटी हातावर. माझं घर! माझ्या माणसाचं घर! मी अजून घराचा विचारसुद्धा केला नव्हता.

खुर्ची मी पार वर नेली होती, तरी कुणी वर बघत नव्हतं.

पण एक कबूल करतो. ते थांबलेल्या घड्याळांचं ऐकल्यावर घरी येताना मला सुचलं की एक कप्पा रिकामा असेल. त्याचा स्वतःचा. आणि त्याचं घड्याळ मात्र चालू असेल. हे त्याच्या सहामुळे सुचलं. नाही सुचलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटतं, आणि नाहीही वाटत.

फासा का चालत नाही ते कळत नाही. नीट घासला होता.

२ जुलै, रविवार

ताईला पुलाच्या मालकाशी सरळ भिडायचं होतं. नाव पुलाखाली आणायची, खांबाला दोर बांधायचा आणि ओढायचा. सगळा पूल खाली. मी म्हटलं, धोक्याचं आहे. ती म्हणाली, "असू दे." मग दातवाल्याकडे वळली, "तुमचा तो लकी फासा द्या हो मला एकदा."

मी म्हटलं, "नको, ज्याचा त्याचा फासा." ती म्हणाली, "गप रे."

टाकला. एक. मी सांगितलं, दोर ओला, हात निसटला.

परत टाकला. चार. जरा बरं.

परत. एक. मी सांगताना नाव फक्त कलंडवली, बुडवली नाही. जाड्या म्हणाला, "अरे, वाईटात वाईट सांगायचं असतं ना?" मी म्हटलं, हेच वाईटात वाईट.

"ताई, थांब आता," मी म्हटलं. "उद्या ओढ पूल. म्हणजे पुढच्या रविवारी."

"आजच," ती म्हणाली. आणि टाकला.

एक.

नियम भिंतीवर लावलाय, माझ्याच अक्षरात. मी म्हटलं, "नियम बदलू या." जाड्या म्हणाला, "मी मेलो तेव्हा का नाही बदललास?" ताई म्हणाली, "नाही बदलायचा. मेली ती मेली." तिनं तिची गुलाबी नावाडीण उचलली, साडीच्या पदरानं पुसली, दातवाल्याच्या हातात दिली आणि पर्स घेऊन बाहेर गेली.

मी फासा उचलून बघितला. एकच्या बाजूला तर मी हात पण लावला नव्हता.

५ जुलै, बुधवार

ताई घरी आल्यापासून, म्हणजे त्या घरून परत आमच्याकडे आल्यापासून, बोलायची कमीच. पण मधे बरी बोलत होती. आता परत तसंच. आज घडी घातलेले टॉवेल तिनं परत उलगडले आणि परत घड्या घातल्या. मी विचारलं, "ताई, इथं काय चाललंय, व्यायाम?" तिनं टॉवेल ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुपारी! आई माझ्याकडे बघत होती, जसं काही मीच केलं.

तिनं तरी इतकं मनाला लावून घ्यायचं कशाला? खेळ आहे.

९ जुलै, रविवार

आज तिघंच. जाड्यानं फासा टाकला आणि जांभई दिली. दातवाला एका वाक्यात उत्तरं देत होता. एकदा विचारलं, "त्या येणारच नाहीत का?" मी म्हटलं, गोष्ट संपेपर्यंत नाही. "आणि गोष्ट कधी संपणार?" मी म्हटलं, मोठी आहे.

खरंच मोठी आहे. माझ्याकडे आता पुलाच्या मालकाची आई आहे, जिला तो कोण हे आठवत नाही. नदीच्या तळाशी दुसरं गाव आहे. वर्षभर पुरेल. पूर्वी मला विहिरीच्या पुढं सुचत नव्हतं. आता काच घासताना, रस्ता ओलांडताना, मालक ओरडत असताना सुचतं. आणि सांगायला समोर कोण? जाड्या आणि त्याची जांभई.

जाड्या टेंपो काढायला गेला तसा दातवाल्यानं हिरव्या दोऱ्याचा फासा टेबलावर ठेवला. बोटानं लोटला. म्हणाला, "हा चपटा आहे."

मी म्हटलं, "कोण म्हणतो?"

"माझा अंगठा म्हणतो. दिवसभर दात घासतो मी. एका बाजूनं कमी आहे हा. सहाची बाजू घासलीय."

मी खुर्चीची दांडी उगीच दाबली.

"पण उलटं केलंस रे," तो म्हणाला, आणि हे असं म्हणाला जसं काही मी त्याला गणित विचारलंय. "वीट कशी पडते? उभी नाही राहत. चपट्या बाजूवर आडवी बसते. फाशाची सहाची बाजू घासलीस की तो तिकडून चपटा झाला. मग तो एकतर सहावर बसणार नाहीतर एकवर. दोन्ही वाढले."

म्हणजे त्याचे सहा मीच दिले. आणि ताईचे ते तीन एकसुद्धा मीच.

"तुला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. मला वाटलं तू माझ्यासाठी केलंयस. मी नवीन होतो, मला सांगता यावं म्हणून. म्हणून बोललो नाही." त्यानं फासा उचलून खिशात टाकला. "त्या दिवशी त्यांनी मागितला तेव्हा द्यायला नको होता मी. माझी चूक झाली."

त्याची चूक! त्याची!! हरामखोर चांगलाही आहे. निदान शिव्या तरी द्यायच्या. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो.

"ताईला सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुझी ताई आहे."

१२ जुलै, बुधवार

आज मशीन चालूच ठेवली, काच लावलीच नाही. पाणी उडत होतं. मालक म्हणाले, "काय घासतोयस, हवा?"

ताईला परत आणायचं म्हटलं तर काय काय करता येईल? नियम बदलू? ती नाही म्हणाली. नावाडीण बुडालीच नव्हती, कुणीतरी वाचवली, असं सांगू? ती ओळखेल. लहानपणी माझा पोपट मेला तेव्हा तिनंच मला सांगितलं होतं की मेला, उडून गेला वगैरे नाही सांगितलं. मग फाशाचं सांगू? सांगितलं तर तिचे ते तीन एक खोटे ठरतील, पण मग ती मला टेबलावर ठेवेल का?

एकच सरळ रस्ता उरतो. गोष्ट संपली की मेलेले परत येतात. नवीन गोष्ट, नवीन माणसं.

आणि गोष्ट संपली की खुर्ची त्याची.

नाही. मी आत्ता कुठं मास्टर झालोय. आधी नुसता वर बसत होतो.

घरी आलो तर ताईनं टॉवेलांच्या घड्या घातल्या होत्या. रंगाप्रमाणे.

१६ जुलै, रविवार

सकाळी ताईला म्हटलं, "चल. आज गोष्ट संपवतोय."

"का रे? तुझ्या अजून शंभर भानगडी राहिल्यात ना त्यात?"

"कंटाळा आला."

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग केस विंचरायला गेली. टेबलावर बसता येणार नव्हतं म्हणून ती पुढं दुकानात काउंटरच्या काचा पुसत बसली. दार उघडं ठेवलं.

मी नदीखालचं गाव टाकून दिलं. पुलाच्या मालकाची आई टाकून दिली. जीव तुटत होता. सरळ घड्याळजी आणि सैनिकाला त्या घरात नेलं, रिकाम्या कप्प्यापुढं उभं केलं, आतलं घड्याळ टिकटिकतंय. पुलाचा मालक मागून येतो. "या या, बसा." म्हणाला, "आता कळलं तुम्हाला. माझी स्वतःची एकही नाही. काय करता?"

दातवाल्यानं खिशातून फासा काढला. हिरव्या दोऱ्याचा. माझ्याकडे बघितलं आणि टाकला. सहा पडला. चपटा का असेना, सहा तो सहा, आता शेवट तो सांगणार. मी दात आवळले. म्हटलं, घे, हे पण घे.

तो म्हणाला, "मी माझा सहा ह्याला देतो."

"कुणाला?" जाड्या.

"मास्टरला. शेवट त्यानं सांगावा. माणूस त्याचा आहे."

असं नियमात कुठं लिहिलंय? नाही लिहिलेलं. पण नाही असंही लिहिलेलं नाही. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. खुर्ची खाली घेतली मी, दांडी दाबून, सगळ्यांच्या बरोबरीला, आणि सांगायला लागलो.

पुलाचा मालक सगळे कप्पे उघडतो. आठवणी घेऊन पुलावर उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ज्याची त्याची परत देतो. एक परत दिली की पुलाची एक फळी गळून नदीत पडते. लोक हसतात, रडतात, काही जण शिव्या देतात. पूल विरळ होत जातो. शेवटी नावाडिणीची आठवण राहते. ती तर नाही. मग कुणाला द्यायची?

मी थांबलो. हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

दुकानातून आवाज आला. "माझी परत नको."

मेलेल्यांनी बोलायचं नसतं. जाड्यानंसुद्धा आठवण करून दिली नाही.

"बरं," मी म्हटलं. "मग ती त्याच्याकडेच राहते. म्हणून एक फळी गळत नाही. तो तिच्यावर बसतो, पाय पाण्यात सोडून. आता लोक नावेनं जातात. कुणी त्याला विचारलं की इथं पूल होता का, तर तो सांगतो, होता. ही एक गोष्ट त्याची स्वतःची आहे."

संपलं.

जाड्यानं नाक शिंकरलं. पुढं दुकानात फडका काचेवर फिरायचा थांबला होता, मग परत फिरायला लागला. दातवाल्यानं काही म्हटलं नाही. ते एक बरं केलं.

मी आजपर्यंत केलेलं सगळ्यात चांगलं काम हे. आणि बक्षीस काय, तर खुर्ची गेली.

२३ जुलै, रविवार

दातवाला खुर्चीत बसला. दांडी कुठं दाबायची कळेना, एकदम पार खाली गेला, टेबलाच्या वर नुसता भांग दिसत होता. मी मदत केली नाही. ताईनं उठून केली.

आणि काय सांगू, किती बेकार चालवतो! मन भरून आलं. कागदावर सगळं लिहून आणलेलं, ते वाचून दाखवतो. जाड्यानं विचारलं, "दार ढकललं तर?" ह्यानं पानं उलटली. "दाराचं नाही लिहिलेलं." मी मनातल्या मनात खुर्चीवर परत चढलो होतो.

ताई ह्या वेळी टपालवाली झालीय. खूप बोलणारी, लोकांची पत्रं वाटेत वाचणारी. मी एक चोर घेतलाय, दुसरं काय घेणार. तास झाला आणि दातवाला गावाच्या चौकात अडकला. पुढं काय ते कागदावर नव्हतं. तो परत पानं उलटायला लागला. जाड्या जांभई द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताईनं माझ्याकडे बघितलं.

फासा माझ्या हातात होता, साधा, सहाही बाजूंनी सारखा. टाकला. सहा. माझा प्रामाणिक सहा.

मला काहीही सांगता आलं असतं. चौकाला आग लावता आली असती, गोष्ट तिथंच संपवता आली असती, मग खुर्ची परत माझी. मी म्हटलं, "चोराच्या झोळीत एक पत्र आहे. गावात कुणालाही विचारा, ते त्याचं नाही. पण पाकीट बंद असूनही प्रत्येक जण ते हातात घेतो आणि म्हणतो, अक्षर माझंच आहे."

दातवाल्यानं मान वर केली. कागद बाजूला ठेवला. "मग," तो हळूच म्हणाला, "टपालवालीनं ते अजून हातात घेतलेलं नाही..."

आणि सुटला. पुढचे दोन तास कुणी चहा मागितला नाही.

घरी येताना ताई रस्ताभर बोलत होती. टपालवालीची सायकल कशी, टोपी कशी, ती पत्र उघडेल की नाही. मधेच म्हणाली, "काय भारी सुचलं ना रे त्याला ते पत्राचं!"

ते मला सुचलं होतं. जीभ दातांत धरली. इतका जळलो की कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. ताई थांबली नाही, तिचं लक्षच नव्हतं. ती पुढच्या वळणापर्यंत गेली होती, हातवारे करत, एकटीच बोलत. मी लंगडत मागं मागं आलो. तिला हाक मारून सांगणार होतो.

मग म्हटलं, बोलू दे.

अंगठा अजून ठणकतोय.